लेकीच्या घरी रिकामं खोकं

पोह्यांची एक बशी आत परत आली. वरचं खोबरंसुद्धा हललेलं नव्हतं. आईनं ती ताटलीनं झाकली आणि म्हणाली, "सासूला पोरगी पसंत नाही."

एक मिरजेकडचा ट्रक ड्रायव्हर यवतमाळात ट्रकच्या सावलीत बसून डोळे पुसतोय. तिखट लागलं म्हणतो. चटणीत तिखट कमीच होतं.

रुखवताचा टेंपो. त्याची ताडपत्री दोन्ही हातांनी उचलून एक बाई पार आतपर्यंत वाकून बघते, मागे होते आणि सगळ्या पाहुण्यांसमोर एकच शब्द बोलते. "एवढंच?"

सायकलची घंटी, लाडवांच्या डब्यात.

एसटीत शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवर सूप. सुपात तुरीची डाळ. गचका बसला तरी दाणा खाली पडत नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, सायकल खोलायचे तेव्हा सगळे भाग असेच पोत्यावर पसरायचे. मी विचारायची, याची परत सायकल होणार का? ते म्हणायचे, "सगळं असलं तर हुतीय."

*

"सायकल होय का रणगाडा?" गुल्हाने म्हणाले.

गुल्हाने म्हणजे यवतमाळच्या त्या ट्रान्सपोर्टचे कारकून. त्यांच्यासमोर काट्यावर आमचं खोकं होतं. टीव्हीचं जुनं खोकं, आडवंउभं सुतळीनं आवळलेलं, एका कोपऱ्यावर तेलाचा मोठा डाग. वर आबांच्या अक्षरात माझं नाव, सौ. शालन प्रल्हाद राऊत. 'सौ.'च्या खाली त्यांनी दोनदा रेघ ओढली होती.

"उतरवाले दोन हमाल लागले," गुल्हाने म्हणाले. "वजन तिकडूनच लिहून आलं हाय, म्या नाही लिहिलं. भाडं इकडं भराचं, मंग माल न्याचा."

सासूबाईंनी पिशवीतला रुमाल सोडला, आत पाहिलं, परत बांधला. त्यात एका सायकलीचं भाडं होतं. बरोबर तेवढंच. गावातल्या मास्तरणीची लेडीज सायकल त्यांनी आधीच धान्याच्या काट्यावर चढवून तोलून घेतली होती.

"सायकलीचं वजन इतकं नसते," त्या म्हणाल्या.

"मी कुठं म्हणतो असते? पण ह्या खोक्याचं हाय."

"आत सायकलच आहे," मी म्हणाले. "फक्त सायकल पाठवा, असं मी सांगितलं होतं."

"मंग तुमच्या सायकलीले मुळव्याध झाला असन, बाई. तेल गळून राहिलं."

बाहेर मोकळ्या जागेत चारपाच ट्रक उभे होते. त्यांचे ड्रायव्हर सावलीला पत्ते खेळत होते. शनिवार होता. पाच वाजता शटर पडणार होतं, रविवारी ऑफिस बंद, आणि सोमवारी सकाळी मला सायकल घेऊन देशकरबाईंसमोर उभं राहायचं होतं.

*

देशकरबाईंची संस्था खेड्यांत बालवाड्या चालवायची. आमच्या पिंपळदऱ्याच्या आसपासच्या तीन गावांतल्या बालवाड्यांवर देखरेखीला त्यांना एक मुलगी हवी होती. एका गावाहून दुसऱ्या गावाला एसटी जात नव्हती. "सोमवारी सायकल घेऊन या, त्याच दिवशी कामाचा कागद देते," त्या म्हणाल्या होत्या. "नसेल सायकल तर तसं सांगा. दुसरी एक मुलगी आहे, तिच्याकडे आहे."

ही जागा मला कळली ती सासूबाईंकडून. लग्नाला चार महिने झाले होते. एवढ्या दिवसांत आमच्यात जे बोलणं झालं होतं ते मिठाचं आणि पाण्याचं. नवरा, प्रल्हाद, हंगामापुरता हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये. घरात आम्ही दोघीच. एका बाजाराच्या दिवशी त्या आल्या, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "तुले सायकल येते ना व?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"येते का नाही, थे सांग."

"येते."

"मंग उद्या माझ्यासंगं चाल."

मला वाटलं, घरात दुसरा पगार हवाय. हंगाम संपला की प्रल्हाद घरी बसणार होता, तेव्हा तसं वाटण्यात काही चूक नव्हती.

माझी सायकल मात्र जतजवळच्या आमच्या गावी होती, राज्याच्या दुसऱ्या टोकाला. कुरिअरवाल्यानं जो आकडा सांगितला त्यात नवी सायकल आली असती. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी सूप घेतलं आणि जिनिंगच्या मॅनेजरच्या दारात जाऊन बसल्या.

त्यांची कामाची रीतच ती होती. बसणं. भांडण नाही, विनवणी नाही. ज्याच्याकडे काम असेल त्याच्या दारात सूप घेऊन बसायचं आणि डाळ निवडत राहायचं. रेशनचा दुकानदार, तलाठी, दवाखान्यातला कंपाउंडर. समोरचा म्हणायचा, उद्या या. त्या म्हणायच्या, हाव. आणि बसून राहायच्या. डाळ संपली की पिशवीतून तांदूळ काढायच्या. गावात कुणाचं काम अडलं की लोक म्हणायचे, पंचफुलाबाईले सूप घेऊन धाडा.

मॅनेजरच्या दारातून त्या हे घेऊन आल्या: कापसाच्या गाठी घेऊन ट्रक इचलकरंजीला जातात. येताना मोकळे असतात. त्यांना किडूकमिडूक माल चालतो, तोही स्वस्तात. सायकल उभी दिली तर जागा अडते, मग जागेचे पैसे. खोलून, चपटी करून खोक्यात दिली तर नुसत्या वजनाचे.

मी आबांना तसंच कळवलं. खोला, खोक्यात घाला, मिरजेला नेऊन द्या. फक्त सायकल.

*

एक भाग मधेच हाताला लागला, तो इथंच ठेवते.

ती सायकल आबांनी मी आठवी पास झाले तेव्हा आणली होती. आमच्या गावात सायकलवर बसलेली पहिली मुलगी मी. पारावरचे म्हातारे आबांना म्हणाले, "पोरीला कशाला शिकवतोस? उद्या वाटंनं सासरी जाईल तवा घंटी वाजवत जाणार का?" आबा म्हणाले, "वाजवू दे की. लोक बाजूला तरी हुतील."

पण लग्नात रुखवत भरताना मात्र त्यांनीच सायकल टेंपोतून खाली उतरवली. मी कारण विचारलं तर म्हणाले, "नव्या नवरीनं सायकल न्यायची म्हंजे हसं हुतंय. त्यात त्या बाईला तू आधीच पसंत न्हाईस."

*

ट्रान्सपोर्टसमोर एसटीडीचं बूथ होतं. आबांच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. आबांना हाक मारून आणेपर्यंत मीटर पळत होता.

"आबा, खोक्यात काय घातलंय?"

"सायकल की गं."

"आणि?"

"आणि काय... जरा भाकरी हायत. कडक."

"आणि?"

"चटणी. तुझ्या आईनं केलीया. शेंगापोळ्या. बेदाणा हाय थोडा. शाळू घातलाय, तिकडं आपल्यासारखा शाळू मिळत न्हाई म्हणालीस न्हवं?"

"आबा!"

"आणि खलबत्ता. तुझा हितंच ऱ्हायला हुता."

"दगडी?"

"मग काय कागदाचा असतोय?"

"आबा, वजनावर पैसे आहेत. मी फक्त सायकल म्हणाले होते!"

"अगं पण खोकं केवढं! सायकल सुटी केली की एवढीशी हुतीय. उरल्यालं सगळं खोकं रिकामं. लेकीच्या घरी काय वारा धाडायचा? तुझी सासू आधीच..."

ते थांबले. पुढचं आम्हा दोघांनाही माहीत होतं. ताडपत्री. एवढंच?

"येईल की घेऊन कसंबी," आबा हळू आवाजात म्हणाले. "माझं चुकलं का गं?"

"नाही आबा," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

सासूबाई काचेच्या दाराला टेकून उभ्या होत्या. आबा फोनवर ओरडून बोलायचे, त्यामुळे त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. 'तुझी सासू आधीच' सुद्धा.

"वारा धाडला असता तं आज बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. आणि हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. पुढचे दोन दात थोडे एकमेकांवर चढलेले होते, त्यामुळे त्या एकदम माझ्या वयाच्या दिसल्या.

मग त्यांनी पिशवीतून सूप काढलं.

*

"बाई, इथं काहून बसल्या?" गुल्हाने म्हणाले.

"डाळ निवडाची हाय."

"घरी निवडा ना."

"घरी जाऊन काय करू? सायकल इथं हाय."

"पाच वाजता शटर पाडीन मी."

"पाडा ना बा. मी बाहेर सरकन."

सूप हलत राहिलं. खडे एका बाजूला, डाळ दुसऱ्या बाजूला. गुल्हान्यांनी पंखा वाढवला, बहुतेक डाळ उडावी म्हणून. सासूबाईंनी पाठ फिरवून घेतली. मी खोक्याशेजारी उभी होते. तेलाच्या डागातून लसणाचा, भाजलेल्या शेंगांचा वास येत होता. चार महिन्यांत तो वास आला नव्हता. तोंडाला पाणी सुटलं.

बऱ्याच वेळानं सासूबाई म्हणाल्या, "भाऊ, खोकं आमचंच हाय ना?"

"हाव. पण भाडं भरल्याबगर नेता येत नाही."

"नेत नाही. उघडून पाहू द्या. अंदर काही फुटलंबिटलं असन तं थे तुमच्यावर याचं."

गुल्हान्यांनी तेलाच्या डागाकडे पाहिलं. "पाहा," ते म्हणाले. "पण बाहेर ओट्यावर पाहा. माझ्या रजिस्टरले तेल नोको."

हमालांनी खोकं ओट्यावर ठेवलं. सासूबाईंनी सुतळी तोडली नाही. एकेक गाठ नखानं सोडवली, गुंडाळी केली आणि कमरेला खोचली.

खोकं उघडलं आणि माझं सगळं घर वर आलं.

आईच्या जुन्या लुगड्यात बांधलेली भाकरींची चळत. पुढच्या चाकाच्या आऱ्यांमध्ये कागदात गुंडाळून खोचलेल्या शेंगापोळ्या. फ्रेमला आबांचं धोतर गुंडाळलेलं, ओरखडा उठू नये म्हणून, आणि धोतराच्या घडीत बेदाण्याची पिशवी. चटणीचा डबा कलंडलेला. पायडलं आणि नटबोल्ट आबांच्या पायमोज्यात. तळाशी शाळूच्या ज्वारीचं गाठोडं, आणि मधोमध, एखाद्या देवासारखा बसवलेला, खलबत्ता.

"बापा बापा," एक हमाल म्हणाला. "हे तं पूर्ण लग्न हाय."

पत्त्यांच्या डावातून एक ड्रायव्हर उठून आला. दाढी वाढलेली, खांद्यावर टॉवेल. ओट्यापाशी थांबला.

"मावशी, ही शेंगाची चटणी हाय का?"

बोलणं आमच्याकडचं होतं. मी मान वर केली.

"कुठले तुम्ही?" मी विचारलं.

"मिरजंजवळचा. नदाफ. ह्ये खोकं मीच आणलंय की! मिरजंपासनं हितपतोर ह्या वासानं जीव घेतलाय माझा. दोनदा वाटलं, फोडावं आणि खावं."

"मंग काहून नाही फोडलं?" सासूबाईंनी विचारलं.

"दुसऱ्याचा माल हाय, मावशी."

सासूबाईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "बस," त्या म्हणाल्या.

त्यांनी भाकरी मोडली, वर चटणी घातली, सुपातली डाळ पिशवीत ओतून ते सूपच ताट म्हणून त्याच्यापुढे ठेवलं. नदाफ ट्रकच्या सावलीत जाऊन खायला बसला. कडक भाकरीचा आवाज ओट्यापर्यंत येत होता. मग आवाज थांबला आणि त्यानं टॉवेलनं डोळे पुसले.

"लई तिखट हाय," तो म्हणाला.

सूप परत आणून दिलं तेव्हा त्यानं खिशात हात घातला. "किती द्यायचं, मावशी?"

"तू सांभाळून आणलं. तुह्याकडून नाही घेत," सासूबाई म्हणाल्या. "पण थे जे बसले हायेत, त्याईले बलाव. त्याईच्याकडून घेईन."

काय चाललंय ते मला तेव्हा कळलं. मी त्यांच्या जवळ सरकले. "आई," मी हळूच म्हणाले, "माहेरचं आहे ते."

"हाव," त्या म्हणाल्या. "म्हणूनच महाग इकून राहिली."

*

त्यांनी आईचं लुगडं ओट्यावर पसरलं. त्यावर भाकरी, पोळ्या, बेदाणा. नदाफनं पत्त्यांचा डाव मोडला. ड्रायव्हर आले, त्यांच्यामागून क्लीनर आले. नदाफ प्रत्येकाला सांगत होता, "पोळी अशी नगं, चुरा हुतीय, हातावर घे." सासूबाई भाव एकदाच सांगायच्या. कुणी घासाघीस केली तर भाकरीवरचा हात काढायच्या नाहीत, आणि त्याच्याकडे बघायच्याही नाहीत. डाळ निवडताना बघायच्या तशाच खाली बघत राहायच्या. माणूस आपोआप पैसे काढायचा.

एकानं जर्मनच्या चपट्या डब्याकडे बोट केलं. मागच्या चाकाखालून निघालेला तो डबा अजून कुणी उघडला नव्हता. हलवला तर आत लाडू आहेत हे कळत होतं.

"हे नाही," सासूबाई म्हणाल्या आणि डबा स्वतःच्या मागे सरकवला.

"पैसे देतो ना, बाई."

"हे नाही म्हटलं ना."

तेवढ्यात बबनराव डहाके आले. आमच्याच गावचे, फवारणीचा पंप सोडवून न्यायला आलेले. त्यांनी लुगडं पाहिलं, खोक्यावरचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू आम्ही दोघी चौकात नाचतोय.

"काय वहिनी! इवायाच्या घरचं इकून राहिल्या? गावात समजलं तं लोक काय म्हणतीन?"

इवाई म्हणजे व्याही. सुनेच्या माहेरून आलेलं वाटायचं असतं, घरोघर वाटीनं, जरा मिरवत. ते ओट्यावर मांडून विकणारी बाई त्या भागात तोवर जन्मलेली नव्हती. मी पदर पुढे ओढला. सासूबाईंनी ओढला नाही.

"गावाले सांगसान तं पूर्ण सांगा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "चटणी कशी लागली, थेबी सांगा. घ्या."

त्यांनी भाकरीचा तुकडा पुढे केला. बबनरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खाल्ला. मग दुसरा खाल्ला. जाताना दोन भाकरी कागदात घेऊन पंपाच्या खोक्यात लपवून नेल्या. पैसे त्यांनीही दिले.

लुगडं रिकामं होत गेलं. आईनं थापलेली एकेक भाकरी परक्या माणसांच्या दातांखाली मोडत होती आणि मी उभी राहून बघत होते. वाईट वाटायला हवं होतं. पण माझ्या तोंडावर हसू होतं, आणि ते लपवायला मला पदर पुढे ओढावा लागत होता.

शेवटी सासूबाई आत गेल्या आणि रुमाल गुल्हान्यांसमोर सोडला. थोडं अजून कमीच पडत होतं. शटरची वेळ झाली होती. गुल्हाने शटरकडे न बघता ओट्याकडे बघत होते.

"थो खलबत्ता," ते म्हणाले. "काळा दगड हाय ना? आमच्या घरचा फुटला. बायको रोज बोलते."

"घ्या," सासूबाई म्हणाल्या.

"मंग उरलेलं मी भरतो." त्यांनी पावती फाडली. मग खलबत्ता दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि पुटपुटले, "वजन तं ह्याचंच होतं."

*

सायकल तिथंच जोडली. नदाफनं ट्रकमधला पान्हा दिला. जोडता मला येत होती, आबांनी शिकवली होती. सासूबाई समोर उकिडव्या बसल्या आणि भाग देत गेल्या. मी मागायच्या आधीच पायडल पुढे यायचं. चेन चढवताना चाक त्यांनी नेमकं हवं तिथं धरलं. नदाफनं हवा भरून आणली. बेल लावायची राहिली तेव्हा मी पायमोजा उलटा करून झटकला.

"घंटी नाही," मी म्हणाले.

सासूबाईंनी खोक्यात हात घालून सगळा कागद चाचपला. "होती व. चांगली खणखणीत होती," त्या म्हणाल्या.

मी वंगणाचे हात पुसत होते. "जाऊ दे, आई. घंटीवाचून अडत नाही."

खोकं त्यांनी हमालाला दिलं. लुगडं आणि धोतर घडी करून पिशवीत घातलं. शाळूचं गाठोडं विकलं नव्हतं. ते आम्ही हँडलला बांधलं. नदाफ ट्रकला टेकून उभा होता.

"ताई, आबांना सांगा," तो म्हणाला, "म्हणावं, पुढच्या खेपंला बी धाडा. मीच आणतो."

आम्ही दोघी सायकलीकडे बघत उभ्या राहिलो. एसटीच्या टपावर सायकल टाकायला पैसे उरले नव्हते. खरं तर आमच्या तिकिटालाही उरले नव्हते.

"मांग बसू का?" सासूबाईंनी विचारलं.

"बसता येईल?"

"तुले नेता येईन का, थे पाय."

त्या नऊवारीत होत्या. एका बाजूला पाय घेऊन कॅरिअरवर बसल्या, मांडीवर सूप, सुपात लाडवांचा डबा. एक हात माझ्या कमरेला. मी पायडल मारलं. सायकल दोनदा वाकडी झाली, मग सरळ झाली. यवतमाळ मागे पडलं. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या, ऊन कलतं झालं होतं. त्या वजनानं हलक्या होत्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा फार हलक्या.

"उतार लागला की पाय सोड," त्या मागून म्हणाल्या.

"पडू."

"पडू तं पडू."

मी पाय सोडले. वारं कानात घुसलं. माझ्या कमरेवरचा हात घट्ट झाला, पण त्या ओरडल्या नाहीत. उतार संपून रस्त्यावरचा खड्डा आला तेव्हा मागून टणकन आवाज झाला. पुढच्या खड्ड्याला परत.

"थांब व," सासूबाई म्हणाल्या. "लाडू वाजून राहिले."

बाभळीखाली उतरून डबा उघडला. बेसनाच्या लाडवांच्या मधोमध, पोचे पडू नयेत म्हणून अगदी मऊ जागी, आबांनी घंटी ठेवली होती. सासूबाईंनी ती पदरानं पुसली. पान्हा नदाफबरोबर गेला होता, त्यामुळे बसवता येईना. मग त्यांनी मला एक लाडू दिला, स्वतः एक घेतला, आणि खाऊन झाल्यावर घंटी हातात धरूनच परत कॅरिअरवर बसल्या.

गावाच्या वेशीपासून घरापर्यंत त्या ती अंगठ्यानं वाजवत आल्या. पारावरची माणसं उठून उभी राहिली. बबनराव डहाके आमच्या आधी एसटीनं पोचून पारावर सगळं सांगत बसले होते. ते बोलायचे थांबले. कुत्री बाजूला झाली. माणसंही झाली.

*

सोमवारी देशकरबाईंनी सायकल पाहिली, घंटी वाजवून पाहिली आणि कागद दिला.

त्या आठवड्यात आबांचा फोन गावातल्या दुकानावर आला. मी बोलले, मग ते म्हणाले, विहीणबाईंना दे. मी घाबरतच रिसीव्हर पुढे केला.

"विहीणबाई," आबांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, "भाकरीबिकरी आवडली का घरात? का वाया गेली?"

"इवाईबुवा," सासूबाई म्हणाल्या, "एकबी उरली नाही. लोकं मांगत होते."

पलीकडून आबांचं हसू ऐकू आलं. मोठं, बऱ्याच दिवसांचं साठलेलं. त्यानंतर आमच्याकडे दरवर्षी एक खोकं यायचं, नदाफच्या ट्रकनं. त्यात कधीच वारा नसायचा.

सायकलीवर मी अकरा वर्षं बालवाड्या फिरले. आता संस्थेचं आमच्या भागातलं काम मी बघते. नवी मुलगी घ्यायची असली की सायकल आहे का ते मी विचारत नाही, सायकल येते का ते विचारते. सासूबाई गेल्या त्याला तीन पावसाळे झाले. सूप माझ्याकडे आहे. ते मी शेणानं दोनदा सारवलंय, पण काठाला चटणीच्या तेलाचा डाग आहे, तो जात नाही.

आबा म्हणायचे, सायकल जोडून झाल्यावर एखादा नट हातात उरला तर तो खिशात घालून चालू लागायचं नाही.

हा उरलाय.

मला बघायला आल्या त्या दिवशी सासूबाई पोह्यांची बशी तशीच ठेवून आमच्या परसात गेल्या होत्या. तिथं त्यांनी माझी सायकल स्टँडवर चढवली, पायडल हातानं फिरवलं, टायर दाबून पाहिला आणि एकदा घंटी वाजवली.